चार ठोके

घरात नळ गळायला लागला की शहाणा माणूस मिस्त्रीला निरोप धाडतो आणि पेपर वाचत बसतो. चिंतामणराव तळपदे शहाणे होते, पण त्यांच्याकडे स्वतःचा पाना होता, आणि तिथेच सगळं बिघडलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. त्या दिवशी मुंबईत कडकडीत हरताळ होता. ट्राम बंद, दुकानं बंद, चिंतामणरावांची विमा कंपनी बंद. गिरगावातल्या त्यांच्या जुन्या दुमजली घरात दुपारी अशी शांतता की मोरीतल्या नळाचा थेंब दिवाणखान्यात ऐकू यावा. टप्प... टप्प... टप्प.

"अहो, गणपत मिस्त्रीला उद्या सकाळी बोलावू," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"उद्या सकाळी पाहुणे येणार आहेत."

पाहुणे म्हणजे वासंतीला पाहायला येणारी दादरची मंडळी. मुलगा वासंतीच्या कॉलेजातला, तिच्या मनातला. पाहण्याचा कार्यक्रम खरं तर नावापुरता, पण होकार मुलाच्या वडिलांच्या हातात. ते पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनिअर, आणि शिस्तीचे असे की लोकांच्या घरी गेल्यावर आधी मोरी बघतात, मग मुलगी, अशी त्यांची ख्याती. अशा माणसाच्या कानावर हे टप्पटप्प पडलं असतं, तर वासंतीचं काही खरं नव्हतं. पोरगी चार दिवस धड जेवली नव्हती. आता शेजारच्या गल्लीत मावशीकडे साडी ठरवायला गेली होती.

"नुसता वॉशर तर बदलायचाय," म्हणत चिंतामणराव धोतर खोचून मोरीत उतरले.

वॉशर खरोखरच त्यांनी छान बदलला. नळाखालची छोटी चावी बंद केली, नळाचं डोकं खोललं, झिजलेला चामड्याचा वॉशर काढून नवा बसवला. थेंब थांबला. इथे त्यांनी हात धुऊन बाहेर यावं की नाही? पण हाताला यश आलं की माणसाला पुढची खाज सुटते. नळाच्या मागे, भिंतीत शिरणाऱ्या पाइपाच्या एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर, थोडी ओल दिसत होती. त्यांनी पाना लावला आणि जोर केला.

कट्.

चाळीस वर्षांचा गंजका पाइप भिंतीच्या तोंडाशीच मोडला. पाण्याचा लोट चिंतामणरावांच्या छातीवर बसला, तिथून तो स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरातून थेट दिवाणखान्याकडे निघाला. तिथे शेजाऱ्यांकडून मागून आणलेला गालिचा उद्यासाठी अंथरलेला होता.

"खालची मोठी चावी बंद करा," सरोजिनीबाई उंबऱ्यावर गोणपाट टाकत म्हणाल्या.

मोठी चावी मागच्या चौकातल्या खड्ड्यात होती. खड्ड्यावर दगडी फरशी होती आणि फरशीवर पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप. ते हलवायला दोन गडी लागत. खालच्या मजल्यावर कागदाचं गोदाम, तेही हरताळामुळे कुलूपबंद. चिंतामणराव दोन्ही हातांनी भिंतीचं भोक दाबून उभे राहिले आणि त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. पोरीचं लग्न आपण आपल्या हाताने मोडलं, असं त्यांना मनापासून वाटलं.

तेव्हा त्यांना गणपत मिस्त्रीची एक सवय आठवली. काम सुरू करण्याआधी तो पाइपावर पान्याने दोनदा ठोके मारायचा, आणि पाणी बंद व्हायचं. का, कसं, हे चिंतामणरावांनी कधी विचारलं नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून त्यांनी पाना उचलला आणि भिंतीतल्या तुटक्या पाइपावर मारला. ठक्. ठक्.

क्षणभर काहीच झालं नाही. मग खालून, पाइपाच्या पोटातून, अगदी सावकाश उत्तर आलं. ठक्... ठक्.

आणि पाणी थांबलं.

मोरीत गंजाचा आणि ओल्या चुन्याचा वास भरला होता. त्यात कसलासा आणखी एक वास होता, विडीसारखा. पण चिंतामणराव इतके हरखले होते की त्यांनी तो मनावर घेतला नाही. गुणी बैलाच्या पाठीवर थाप मारावी तसे त्यांनी त्या पाइपावर आनंदाने ठोके मारले. चार.

खालूनही चार आले.

"हवा असते पाइपात," ते बायकोला म्हणाले.

पाचच्या सुमाराला मोर्चा आटोपून माणसं चौपाटीवरून परतू लागली. सरोजिनीबाई गॅलरीत टपूनच होत्या. गिरणगावातला, करी रोडचा गणपत मोर्चा सोडून घरी बसलेला नसणार, हे त्यांना ठाऊक होतं. घोषणा देऊन घसा बसलेला गणपत गर्दीत दिसला आणि त्यांनी त्याला वर बोलावून घेतलं.

भिंतीकडे बघून गणपतने कपाळाला हात लावला. "सायेब, वायसर बदललात ता बरा केलात. त्याला मिस्त्री कशाला होयो? पण भिंतीत शिरलेल्या पायपाला हात लावू नये. तो वरून लोखंड दिसता, आतून पापड असता." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. "पाणी कोणी बंद केलान?"

"तूच नाही का करत, ठोके मारून?"

गणपत तडक वळला. तो खाली गेला, चिंतामणराव मागोमाग. पिंप जागेवर होतं, काठोकाठ भरलेलं. फरशीच्या कडेचं शेवाळ जसंच्या तसं. दोघांनी मिळून पिंप सरकवलं, फरशी उचलली. खड्ड्यातली चावी घट्ट बंद होती. तिच्यावर ओल्या बोटांचे ठसे होते आणि बाजूला विडीचं थोटूक.

"माझो चुलतभाव बसायचो हय. सीताराम." गणपतचा आवाज आणखी खाली गेला. "मी वर, तो खड्ड्यात. हाक ऐकू येत नाय, म्हणून ठोके. दोन म्हणजे बंद कर, तीन म्हणजे सोड."

"मग आता तो..."

"दोन वर्सां झाली. तो गावाक गेलो, थंयच तापान वारलो. आता मी एकटोच वरखाली करतंय." त्याने ते थोटूक निरखलं. "सायेब, अजून काय ठोकलात?"

चिंतामणरावांनी चार बोटं दाखवली.

गणपतने डोक्यावरची टोपी काढली. "चार म्हणजे काम झाला, चहा ठेवलाय... वर ये."

"आणि खालून चार आले तर?"

"मी येतंय, म्हणता."

गणपतने दिवेलागणीच्या आत काम उरकलं. मोडका तुकडा काढला, नवा पाइप घातला, ताग आणि सफेदा लावून जोड असा आवळला की टिपूसही गळेना. मात्र चहा न घेताच तो निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "तो वाईट नाय हो. चहाचो तेवढो लोभी. एक कप पियालो की कप बशीत पालथो घाली, म्हंजे दुसरो नको." वासंतीला यातलं काही सांगायचं नाही, असं नवराबायकोने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दादरची मंडळी आली. निवृत्त इंजिनिअर हात धुण्याच्या निमित्ताने मोरीत गेले, नळ दोनदा सोडला, दोनदा बंद केला, एल्बोवरून बोट फिरवलं. बाहेर आले ते हसतच. "ज्या घरचा जोड इतका पक्का, तिथली मुलगी न बघताही चालेल," म्हणाले. चिंतामणरावांचे डोळे भरून आले. साखर वाटली गेली, मुलगा लाजला, आणि वासंती चार दिवसांनी पोटभर शिरा जेवली.

मंडळी गेल्यावर सरोजिनीबाई कपबशा विसळायला घेऊ लागल्या. एक कप कमी होता.

"अगं, एक कप कुठे गेला?"

"तो मोरीत असेल," वासंती म्हणाली. "मिस्त्रीबुवांना दिला ना मी. पाहुण्यांना चहा नेत होते तेव्हा बसले होते तिथे. बिचारे किती भिजले होते. एवढंच म्हणाले, बाय, तुज्या हातचो चहा बरो."

चिंतामणराव हळूच मोरीत गेले. कप बशीत पालथा घातलेला होता.

त्या दिवसापासून सरोजिनीबाई दुपारच्या चहाला एक कप जास्त टाकू लागल्या. भीतीपेक्षा उपकाराची जाणीव मोठी होती. पण तो कप तसाच भरलेला राहायचा. वासंतीचं लग्न झाल्यावर चिंतामणरावांनी एकदा धीर करून पाइपावर ठोकूनही पाहिलं. उत्तर आलं नाही. घर अगदी गप्प झालं होतं, आणि खरं सांगायचं तर दोघांना जरा चुकल्यासारखंच वाटत होतं.

महिन्याभराने वासंती माहेरपणाला आली. गाल वर आले होते, बोलणं थांबत नव्हतं. सासूबाई प्रेमळ, मामंजी त्याहून प्रेमळ, फक्त सध्या ते फार वैतागलेले. त्यांनी दादरच्या घरातली मोरीची भिंत दोनदा फोडून घेतली, सगळे पाइप नवे घातले, पण दोष काही सापडेना.

"कसला दोष?" चिंतामणरावांनी विचारलं.

"आवाजाचा हो, बाबा. मामंजी म्हणतात पाइपात हवा आहे." वासंतीने बशीत चहा ओतला. "पण सासूबाईंनी चहा केला तर आवाज येत नाही. मी चहा टाकला की येतो. आणि दर वेळी चारच ठोके."