उद्याचा नारळ

रामहरी मुकादमाची ट्रॉली माळावर येऊन थांबली आणि सुंदरराव गुरुजी पोरांच्या आधी खाली उडी मारायला निघाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, पण आज त्या गुडघ्यांचं ऐकतो कोण!

"सबुरीनं, गुरुजी!" रामहरी ट्रॅक्टरवरून ओरडला. "तुमचं हाड मोडलं तर गाव मला धरंल."

नेकनूरच्या पुढं, बालाघाटाच्या अंगाला हा माळ. खाली पाझर तलाव, वरच्या बाजूला सीताफळीचं रान आणि बाकी सगळा तांबूस मुरूम. उसाचं पातं इथं औषधालाही सापडायचं नाही. शहाण्णव सालचा दसरा नुकताच झाला होता. गावात त्याच सुमाराला डिश आली होती आणि पोरांनी रंगीत टीव्हीवर, कसल्याशा जाहिरातीत, गाडीच्या टपावर उभारलेला तंबू पाहिला होता. माणसं त्यात झोपत होती, चहा पीत होती. झालं! रवि आणि सटवा दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या ओट्यावर हजर.

"गुरुजी, आपला कावून न्हाई?"

'का नाही' असं कुणी विचारलं की गुरुजींना राहवायचं नाही. गाडी नव्हती, ट्रॉली होती. बाजूचे फाळके काढले की ती सपाट लोखंडी ओट्यासारखी व्हायची. उद्या पहाटे तीच ट्रॉली ऊसतोडीच्या टोळीला घेऊन कारखान्याकडं जाणार होती, तिकडं पश्चिमेला, लांब. आजचा दिवस ती रिकामी होती.

आणि गुरुजींच्या आनंदाचं खरं कारण वेगळंच होतं. ते कारण आत्ता ट्रॉलीवर उभं राहून ताडपत्रीची घडी उलगडत होतं. वर्षाराणी, तिसरीतली. दर साली ती आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची. उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडायचा, म्हणजे हंगाम संपायचा, टोळ्या परतायच्या, आणि वर्षा दप्तर घेऊन शाळेत यायची तेव्हा परीक्षा होऊन गेलेल्या असायच्या. पोरगी अशी की सांगितलेलं एकदा ऐकून डोक्यात पक्कं ठेवणारी. यंदा गुरुजींनी तिच्या घराचा उंबरा झिजवला होता. "धाकट्याला कोन संभाळंल, गुरुजी?" छबुबाई, तिची आई, दर खेपेला तेच विचारायची. काल संध्याकाळी मात्र तिनं मान हलवली. वर्षा आजीपाशी राहील. वर्षा शाळेत जाईल.

रामहरीनं चाकांना दगड लावले, ट्रॅक्टर सोडवला. ट्रॉलीची ओढायची दांडी गावाच्या दिशेला तोंड करून पडली.

"दिवस मावळायच्या आत येतो न्यायला," तो म्हणाला. "जपून वापरा बरं. उद्या नारळ फोडायचाय. एकदा चाकावर नारळ फुटला की ही कुनाचं ऐकत न्हाई."

"आणि वर बसलेलं माणूस खाली उतरत नाही," गुरुजी हसून म्हणाले. ही रीत त्यांना पाठ होती. दर साली शाळेच्या दारात उभं राहून ते तो नारळ फुटताना पाहायचे आणि मग अर्धा रिकामा झालेला वर्ग घेऊन बसायचे.

"उतरायचंच न्हाई! कारखाना येईस्तोवर. पल्याडल्या साली ह्या सटवाचा बाप तंबाकूसाठी उतराया लागला, तर म्हातारीनं त्याचं धोतरच धरून ठिवलं."

"सुटलं का मग?" रविनं विचारलं.

"तुझ्या बापाला विचार बे!" सटवा भडकला. रामहरी हसत हसत ट्रॅक्टर घेऊन उताराला लागला आणि माळ मोकळा झाला.

मग सुरू झाली खरी मजा. लोखंडी पाट्यावर खुंटी ठोकता येत नाही. तेव्हा दोऱ्या बांधायच्या कशाला? गुरुजींनी ते पोरांनाच शोधायला लावलं. पोरं ट्रॉलीभोवती फिरली, खाली वाकली, आणि सटवालाच कडेच्या लोखंडी कड्या दिसल्या. "शाब्बास!" बांबूची चौकट उभी केली तर ती डुगडुगायला लागली. गुरुजींनी सीताफळीच्या काटक्या तोडल्या. चार काटक्या बांधून चौकोन केला, तो रविच्या हातात दिला. "दाब." चौकोन कलंडला. मग तीन काटक्यांचा त्रिकोण. "आता दाब." रविनं दाबला, सटवानं दाबला, दोघांनी मिळून दाबला. त्रिकोण हलेना.

"मंग बांबूला तिरका बांबू लावायचा!" वर्षा वरून ओरडली. गुरुजींचा ऊर भरून आला. हे असं पोर कुणी उसात पाठवतं का?

ताडपत्री छबुबाईच्या कोपीची होती. टोळी कारखान्यावर ज्या झोपड्यांत राहते, तिथल्या चुलीच्या धुरानं ती आतून काळी झाली होती. बांबूही तिथलेच. शेवटची गाठ वर्षानं दातानं ओढली आणि "आई गं!" म्हणून तोंडावर हात धरला. सगळे धावले. तिनं हात पुढं केला तर तळहातावर पुढचा हलणारा दुधाचा दात! पोरं हसून हसून मुरुमावर लोळली. हसताना वर्षाच्या तोंडातलं भगदाड असं दिसत होतं की गुरुजींनाही हसू आवरेना.

"उद्या शाळेच्या पत्र्यावर टाकू," ती म्हणाली. "मंग नवा लवकर येतो."

गुरुजींनी दात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात जपून ठेवला.

तंबू उभा राहिला. काय दिसत होता म्हणून सांगावं! वारा भरला की ताडपत्री फुगायची आणि वाटायचं, ट्रॉली आता तलावावर तरंगायला लागेल. वर्षा आत गोधड्या अंथरत होती. गुरुजींनी पिशवीतून गूळ काढला आणि खोबऱ्यासाठी आणलेला नारळ.

"चाकावर फोडू, गुरुजी!" रवि नाचायला लागला. "आपली बी टोळी!"

तंबूतून वर्षाचा आवाज आला. "नगं, गुरुजी. नारळ उद्याचा हाय."

"उद्याचा तुझ्या आईबापाचा, पोरी. आजचा आपला."

त्यांनी पुढच्या चाकाच्या लोखंडावर नारळ हाणला. एका तडाख्यात फुटला. पाणी चाकावरून ओघळलं. "निघाली टोळी!" गुरुजींनी हुबेहूब रामहरीची आरोळी ठोकली आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

ट्रॉली हलली. किंचितच, झोपेतून उठवलेल्या बैलाची कातडी थरथरावी तशी.

"लोखंड तापलंय," गुरुजी म्हणाले. "तापलं की प्रसरण पावतं. पुढच्या वर्षी शिकाल." त्यांनी चाकाखालचे दगड पायानं ठोकून पाहिले. घट्ट होते.

वर्षाला खाली बोलावलं तर ती येईना. "झोप आली, गुरुजी. तुमी जावा." सकाळपासून राबली होती. तिच्यासाठी खोबऱ्याचा तुकडा ठेवून गुरुजी दोन्ही पोरांना घेऊन सीताफळं काढायला वर चढले. तंबू तिथून हाकेच्या अंतरावर, डोळ्यांसमोर होता.

सीताफळाचे डोळे कसे उघडायला लागले की ते पिकतं, हे ते पोरांना दाखवत होते. सटवानं नाक वर केलं.

"गुरुजी, मळीचा वास येतोय."

मळी म्हणजे साखर कारखान्यातला तो काळा, आंबूस चिकटा. जवळपास कारखाना नव्हता. "पिकलेल्या फळांचा असेल," गुरुजी म्हणाले. पण वास त्यांनाही आला होता, आणि तो फळांचा नव्हता. त्यांनी सहज खाली पाहिलं. ट्रॉली होती तिथंच होती. दांडीचं तोंड मात्र पश्चिमेला होतं.

उतार असेल. वारा असेल, ताडपत्रीचं शीड झालं असेल. मनात त्यांनी तीन कारणं मांडली. तिन्ही एखाद्या हुशार पोरानं खोडून काढली असती.

"वर्षेऽऽ!" रविनं हाक मारली.

"आले न्हाई अजून!" उत्तर आलं, आणि ते तंबूतून येण्याइतकं जवळचं नव्हतं. "मोळ्या बांधायच्या हायत!"

पोरं खिदळली. "उसाचा खेळ खेळतीया!"

गुरुजीही हसले. मग त्यांना खोकला ऐकू आला. धुरानं येतो तसा. त्यामागं तान्हं मूल रडलं आणि वर्षाच्याच आवाजात कुणीतरी त्याला जोजवायला लागलं. तो आवाज थकलेला होता. जरा जाडही.

"इथंच थांबा," गुरुजी पोरांना म्हणाले.

ते उतरायला लागले. ताडपत्रीच्या फटीतून धूर निघत होता. आत काड्यापेटी नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते पळायला लागले.

लोखंड खडखडत होतं, लांबच्या रस्त्यावरून भरली ट्रॉली जावी तसं. ट्रॉली जागच्या जागी उभी होती. चाकं फिरत नव्हती.

त्यांनी कडी धरली. कडी दहिवरानं ओली आणि गार होती. माळावर ऊन तापलेलं होतं.

"वर्षा!"

खडखडाट थांबला.

त्यांनी ताडपत्री बाजूला सारली. धूर नव्हता. मूल नव्हतं. गोधड्या सुरकुती न पडता अंथरलेल्या होत्या आणि मधोमध वर्षा बसली होती. तोच फ्रॉक. दुपारी गुडघ्याखाली येत होता तो आता गुडघ्यापर्यंत पोचत नव्हता.

गुरुजींनी तिचे हात हातात घेतले. तळव्यांवर घट्टे होते, जुने, पिवळट. बोटांवर पात्यानं कापल्याच्या बारीक रेघा, भरून आलेल्या.

"पोरी," ते म्हणाले. मग त्यांनी खाली वाकून मुरुमावर बोटानं एक शब्द लिहिला. सकाळी याच माळाच्या वाटेवर पाट्या वाचताना तिनं रविला हरवलं होतं.

वर्षा ट्रॉलीवरून वाकून बघत राहिली. पहिल्या अक्षरापाशी तिचे ओठ हलले आणि थांबले.

"इसरलं, गुरुजी," ती शरमून म्हणाली.

खालून ट्रॅक्टरचा आवाज आला. रामहरी उतरला, तंबूकडं बघून त्यानं खुशीत शीळ घातली, मग चाकाशी वाकला. "गुरुजी, हिला चिखलात कावून घातली? आन् काळा चिखल आनला कुठून?" त्यानं चाकाच्या खाचेतून काहीतरी उपटलं. लांब, हिरवं, धारदार पातं होतं. ते हातात धरून त्यानं माळभर नजर फिरवली.

वर्षानं गुरुजींच्या सदऱ्याची बाही ओढली.

"पट्टा पडला, गुरुजी. आता येऊ ना शाळंत? का परीक्षा झाल्या?"

विचारताना ती हसली. पुढच्या भगदाडाच्या जागी नवा दात होता. पूर्ण आलेला, पांढरा, करवतीसारख्या कडेचा.

गुरुजींचा हात खिशात गेला. कागद तिथंच होता. त्यांनी तो उलगडला. इवल्याशा दाताच्या कडेला लागलेलं रक्त अजून ओलं होतं.