दोन का नाही?

"लिफ्ट बंद आहे का हो?" एवढंच तो म्हणाला आणि मी जिन्यात थबकले. हा आवाज मी महिनाभर हेडफोनवर ऐकत होते.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशनाची रेकॉर्डिंग ऐकून शेरे लिहिणं हे माझं काम. समुपदेशकाने पंधरा मिनिटांत, उपदेश न करता, सोडायची इच्छा रुग्णाच्याच तोंडून काढायची असते.

"दहापैकी किती सोडावंसं वाटतं, आणि मग 'दहा का नाही?'... असं विचारणारे तुम्हीच ना?"

"म्हणजे लाल शेरेवाल्या बाई तुम्ही!"

"तसं विचारलं की माणूस न सोडण्याची कारणं सांगत बसतो. त्याने सहा म्हटलं, तर 'दोन का नाही, एवढं तरी का वाटतं?' असं विचारा. मग सोडण्याची सांगेल."

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता तो चहाचे दोन कप घेऊन यायला लागला. शेऱ्यांवर चर्चा करायला, म्हणे. एका रेकॉर्डिंगमध्ये एक ट्रकचालक अकरा सेकंद गप्प होता, आणि त्याला न टोकता हाही गप्प राहिला. नुसती पंख्याची घरघर... ते अकरा सेकंद मी तीनदा ऐकले. कामासाठी एकदा पुरले असते.

आज माझ्या कंत्राटाची मुदत संपत होती. इथेच आणखी वर्षभर थांबायचं की घराजवळची कायमची नोकरी धरायची, हे पाचपर्यंत कळवायचं होतं.

त्याने कप ठेवले. "दहापैकी किती थांबावंसं वाटतं?"

"सहा."

"दहा का नाही?" तो घाईघाईने म्हणाला.

मी सांगत सुटले: पगार कमी, खोली दमट, आईचा रोज फोन... बोलता बोलता मला खरंच जावंसं वाटायला लागलं. त्याचा चेहरा उतरला.

"चुकलो," तो हळूच म्हणाला. "दोन का नाही?"

मी गप्प. तोही. वर पंखा घरघरत होता.

"चार वाजले की मला घड्याळ बघावं लागत नाही," शेवटी मी म्हटलं. "जिन्यात तुझी पावलं ऐकू येतात. आणि कपाचा कान तू नेहमी माझ्या बाजूला करून ठेवतोस..."

'तू' कधी आलं, मलाच कळलं नाही. त्याला कळलं होतं.

"आता किती?"

"आधी तुझे सांग."

"दहा. त्या जिन्यापासून."

कप रिकामे झाले तेव्हा पाच वाजायला सात मिनिटं होती. थांबतेय, असं मी कळवून टाकलं.

"आणि माझा शेरा?" त्याने विचारलं.

"'दहा का नाही?'ला लाल," मी म्हटलं. "बाकीचं उद्या चारला."