आधी तिला

जळगावच्या दाणाबाजारात माणकचंदांची डाळीची पेढी होती. खाली दुकान, वर घर. मे महिन्यात दुपारी हमाल पोत्यांच्या थप्पीआड आडवे व्हायचे, तूरडाळीची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहायची आणि वरून कूलरची घरघर ऐकू यायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुलांना कॉम्प्युटर शिकवू लागलो होतो. अठ्ठ्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात माणकचंदांची केसर ही माझी एकटीच अशी विद्यार्थिनी, जिला मी घरी जाऊन शिकवायचो.

केसर नऊ वर्षांची. तिची आई लाडकुंवर दोन वर्षांपूर्वी वारली. मागच्या लग्नसराईत माणकचंदांनी दुसरं लग्न केलं. तारादेवी धुळ्याची, बी. कॉम. झालेली, हसरी. आल्याआल्या तिने पेढीचे हिशेब कॉम्प्युटरवर घेतले. पण केसर तिच्याशी अजून एक शब्दही बोलली नव्हती. ताटात वाढलेलं खायची, वेणी घालून घ्यायची. तोंड मात्र उघडायची नाही.

"मला तिचा राग येत नाही, सर," तारादेवी मला म्हणाली. "पण नुसतं 'पाणी दे' म्हणाली तरी मला पुरे आहे."

जे मूल तोंडाने बोलत नाही ते कधीकधी लिहून बोलतं, हे मी वर्गात कितीदा तरी पाहिलं होतं. दुकानात एक कॉम्प्युटर होता, वर केसरचा एक. दोघांत नेटवर्क कार्ड बसवून जिन्यातून केबल टाकली की इकडे लिहिलेली चिठ्ठी तिकडच्या स्क्रीनवर चौकटीत उघडते. माणकचंदांना मी सांगितलं, डाळीचा साठा तुम्हाला वर बसून दिसेल. ते लगेच तयार झाले. खरं कारण मला आणि तारादेवीला ठाऊक.

मी दोन्ही कॉम्प्युटरना साधी नावं दिली, 'वर' आणि 'खाली'. केसर शेजारी उभी राहून बघत होती.

"हे कार्ड म्हणजे दार," मी तिला म्हटलं. "आणि ड्रायव्हर म्हणजे दारावर बसलेला माणूस. कोण आलं ते तो आत कळवतो."

"आणि त्याला कोणी आवडलं नाही तर?"

"त्याला आवडनिवड नसते, बाळ."

पहिली चिठ्ठी मी वरून पाठवली, ती खाली उमटली. माणकचंदांनी खालून 'चहा पाठवा' असं लिहिलं आणि लहान पोरासारखे हसत सुटले. मग तारादेवी खालच्या खुर्चीवर बसली. मी केसरला म्हटलं, "लिही काहीतरी."

तिने बराच विचार केला. मग एका बोटाने, इंग्रजी अक्षरं जुळवत लिहिलं, 'जेवलीस का?' आणि बटण दाबलं.

खालून तारादेवीची हाक आली. "सर! सगळं निळं झालं!"

विंडोज कोसळलं की स्क्रीन निळी होते आणि दोष कोणाचा ते पांढऱ्या अक्षरांत दिसतं. तिथे नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव होतं. यात नवल काही नव्हतं. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं. साउंड कार्डाशी त्याचं भांडण होत असेल म्हणून ते कार्डच काढून ठेवलं. जळगावचं ऊन, पेटी तापत असेल, म्हणून झाकण उघडून टेबलफॅन लावला. केबलची टोकं बदलली. दर वेळी माझी चिठ्ठी जायची, माणकचंदांची जायची. केसरची तारादेवीला गेली की निळं.

मी एस. टी. पकडून धुळ्याला गेलो. तिथे तोताराम कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायचा. त्याने वेगळ्या बनावटीची दोन कार्डं आणि त्यांच्या ड्रायव्हरची फ्लॉपी काढून दिली. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाना, याच्यावरही नाही चाललं, तर आता कार्ड नका बदलू. घर बदला."

नवी कार्डं बसवली. तेच झालं.

मग प्रयोगशाळेत मुलांकडून करून घ्यायचो तसं मी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. केसरचेच शब्द मी स्वतः लिहून पाठवले. तारादेवीसमोर ते नीट उमटले. तारादेवीच्या जागी पेढीवरच्या मुनीमजींना बसवलं आणि केसरला काही सांगितलं नाही. तिची चिठ्ठी उमटली. तारादेवी पुन्हा बसली. निळं. तिला स्क्रीनकडे पाठ करून बसवलं. निळं.

"योगायोग आहे," मी म्हणालो.

 तारादेवीचा हात गळ्याशी गेला होता.

माणकचंदांच्या आई जपमाळ घेऊन जिन्यात बसलेल्या असायच्या. घरात सगळे त्यांना दादीसा म्हणत. त्या सुनेकडे बोट करून वरूनच म्हणाल्या, "मास्टरजी, बिनणीला विचारा. मशीनला पगल्या लावल्या का?"

त्यांच्या घरात तशी रीत होती. दुसरी होऊन आलेली बाई गळ्यात पहिलीची पावलं घालते. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली दोन इवली पावलं. त्यांना पगल्या म्हणतात. नवी साडी, नव्या बांगड्या, घरात जे नवं येईल ते आधी त्या पावलांना लावायचं. आधी तिला, मग आपल्याला.

"नाही लावल्या," तारादेवी म्हणाली. जिन्यापर्यंत ऐकू जाऊ नये इतका तिचा आवाज हळू होता. "लग्नाचा शालू आधी तिला. माहेरून आलेले लाडू आधी तिला. नवरा तर आधी तिचाच. सर, पोरीचा एक शब्द तरी आधी मला मिळू दे. तिने भरपूर ऐकून घेतलेत."

त्या हसऱ्या चेहऱ्यावर मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. पत्रा तिने मुठीत इतका आवळला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"भांडू नकोस गं तिच्याशी," तरीही ऐकू गेल्यासारख्या दादीसा म्हणाल्या. "तिला आता दुसरं काम नाही."

त्यानंतर प्रकार वाढला. तारादेवी दुकानात पाऊल टाकायची आणि हिशेब चालू असताना स्क्रीन निळी व्हायची. मुनीमजी कुरकुरू लागले. आणि एका दुपारी केसर माझ्यासमोर कीबोर्ड ढकलून म्हणाली, "सर, मला नाही लिहायचं तिला आता. तिला काही मिळतच नाही."

मी ते खाली येऊन तारादेवीला सांगितलं. सांगणं भाग होतं.



तिने पदराने कीबोर्ड पुसला. गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला.

चांदीची पावलं तिने कीबोर्डवर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "आधी तुम्ही."

थप्पीवरच्या चिमण्या गप्प झाल्या, असं मला वाटलं. वाटलं, एवढंच.

मी जिन्यातून केसरला हाक मारली. "एकदा. शेवटचं."

चौकट उघडली. 'जेवलीस का?'

निळं झालं नाही.

मी तारादेवीकडे पाहिलं. ती हसेल किंवा रडेल असं मला वाटलं होतं. ती स्क्रीनकडे नुसती बघत होती, खूप दिवसांनी आरसा हाती आलेल्या माणसासारखी. मग सावकाश, अक्षरं शोधत तिने लिहिलं. काय लिहिलं ते तिच्या खांद्याआड मला दिसलं नाही.

वर खुर्ची पडली. केसर जिन्यावरून धावत आली आणि तिच्या कमरेला मिठी मारून ओरडली, "मम्मी!"

दादीसांनी डोळ्याला पदर लावला. मीही चष्मा पुसला.

शाळा सुरू झाल्यावर मी एका अमावास्येला त्यांच्याकडे गेलो. बाजार बंद होता. दुकानाला कुलूप होतं. दार तिनेच उघडलं, किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचलेला. केसर वरच्या कॉम्प्युटरसमोर बसून अखंड बडबडत होती आणि ती शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला फार बरं वाटलं.

"तारादेवी," मी म्हणालो, "आता तुम्हाला त्या चिठ्ठ्यांची गरज काय उरली?"

तिने मान वर केली नाही. मी पुन्हा हाक मारली. केसरने तिला कोपराने ढोसलं, तेव्हा तिने पाहिलं.

"नाहीच उरली, सर," ती म्हणाली. "ते कार्ड काढूनच टाका."

तेवढ्यात स्क्रीनवर चौकट उघडली. पाठवणाऱ्याचं नाव होतं 'खाली'.

'केसर, मला वर येऊ दे.'

"रोज येतं," केसर म्हणाली आणि चौकट बंद केली. "मम्मी म्हणते, खालच्या बाईला उत्तर द्यायचं नाही."

ती केसरच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

चौकट पुन्हा उघडली.

'सर, कार्ड काढू नका.'