नऊ काड्या

औंढ्याच्या बसस्टँडमागे डॉ. प्रतिक्षाचं सोनोग्राफी सेंटर आहे. सकाळी अकराला हट्टा गावच्या द्वारकाबाई आत आल्या आणि खोलीभर कडवट वास पसरला. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. खाजवून खाजवून हातापायांवर खपल्या धरलेल्या, त्यांतून पिवळं पाणी झिरपत होतं. रोज ढीगभर पोटं बघणाऱ्या प्रतिक्षालाही किळस आली. चेहऱ्यावर मात्र तिनं काही दिसू दिलं नाही. डॉक्टरकीत एवढं नाटक यावंच लागतं.

"लघवी कशी होते?"

"काळ्या चहावानी," मुलगा भागवत म्हणाला. "अन् परसाकडं पांढरं, चुन्यावानी. लई घाण, म्याडम."

म्हणजे पित्ताच्या नळीत अडथळा. पण कशाचा? खडा, गाठ की जंत, हे आजच कळायला हवं होतं, नाहीतर बाई हातची जाणार.

तेवढ्यात तिला गळ्यातली माळ दिसली आणि तिचं डोकंच फिरलं. घेटुळीच्या वेलाच्या काड्यांची माळ! काविळीला हीच डोक्यावर ठेवतात. ती लांबत लांबत पायातून उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. अहो, काड्या वाळल्या की गाठी ढिल्या पडणारच, त्यात कसला आलाय चमत्कार!

"पंधरा दिवस हेच करत बसलात?"

"उतरलीच न्हाई ना माळ," भागवत पुटपुटला. "गावात माळ देणाऱ्या बेबीबाईनं एकवीस काड्या गुंफल्या होत्या. रोज कमी होऊन राहिल्या. पण खाली पडलेली एकबी कुणी पाहिली न्हाई."

माळ मानेत रुतली होती. प्रतिक्षानं मोजल्या, नऊच उरल्या होत्या. एव्हाना वाळून कडकडीत व्हायला हव्या होत्या त्या. या ओल्या होत्या, फुगलेल्या, बोट लावलं की दबणाऱ्या. तिनं कात्री घेतली.

"कापू नका वं माय," द्वारकाबाईंनी तिचा हात धरला. "पायातून उतरू द्या. कापल्यावर ती जाईल कुठं?"

"कचऱ्यात," असं म्हणून प्रतिक्षानं दोरा कापला.

एक काडी पिचकली. पिवळा चिकट रस हातमोज्याच्या आत, मनगटावर ओघळला. शी! सडक्या अंड्याची घाण. तिनं माळ पिशवीत कोंबली, पिशवीला गच्च गाठ मारली आणि साबणानं तीनदा हात धुतले. वास गेला नाही.

मग पडद्यावर नळी दिसली, अंगठ्याएवढी फुगलेली. आत एकामागे एक बारीक तुकडे, सगळे सारख्या लांबीचे. जंत असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण जंत असा मापानं कापल्यासारखा नसतो, हेही तिला ठाऊक होतं. तिनं द्वारकाबाईंना त्याच दुपारी नांदेडला धाडलं.

तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉ. मोहनसिंगांचा फोन आला.

"पेशंट एकदम बराबर आहे. भाकरी मागतेय. पण म्याडम, हिनं गिळलं काय होतं? दुर्बिणीतून काढल्या. बारा काड्या, एका दोऱ्यात."

प्रतिक्षानं मनात एकवीसमधून नऊ वजा केले.

"आणि दोऱ्याचं टोक एकदम सरळ. कात्रीनं कापल्यासारखं."

कचऱ्याची गाडी दोन दिवस आली नव्हती. पिशवी कोपऱ्यात तशीच होती, गाठही तिनंच मारलेली. तिनं ती फोडली.

हातमोजे होते, कापूस होता. माळ नव्हती.

मनगट कालपासून खाजत होतं. उन्हानं असेल, असं ती म्हणाली होती. सकाळी संडासात पाणी ओतताना जे दिसलं ते तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. पांढरं होतं ते. चुन्यासारखं.

तिनं दार लावून घेतलं. टेबलावर आडवी झाली. उजव्या बरगडीखाली गार जेल लावलं आणि यंत्राची मूठ टेकवली.

एक. दोन. तीन.

नवव्या काडीनंतर काही नव्हतं.

दारावर टकटक झाली.

"म्याडम, मी भागवत. पेढे आणले. अन् आईची माळ द्या, वाहत्या पाण्यात सोडायची राहिली." तो जरा थांबला. "बेबीबाई इचारून राहिली, किती काड्या उरल्या होत्या?"