टंकलयीचा निकाल

मिरजेतल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत फिरोज तांबोळीने पडद्यावरचा आकडा दोनदा तपासला आणि वैजयंती ठोसरांना हाक मारली.

"ताई, अठ्ठ्याण्णव टक्के जुळतंय. ही ललिता म्हणजे आपले सदानंद किरपेकर."

वैजयंतीबाई ‘कटिबंध’ या ऑनलाइन मंचाच्या संचालिका; प्रयोगशाळाही मंचाचीच, आणि फिरोज तिथला तंत्रज्ञ. कमरेला कृत्रिम मूत्रपिंडाचा पट्टा बांधून जगणारी चार हजार माणसे इथे एकमेकांना सल्ले देत. बाईंच्या कमरेलाही तोच पट्टा होता. ललिता मंगळवारी सदस्य झाली आणि बुधवारी तिने थेट लोकरेकाकांवर आरोप केला : ‘यांनी सांगितलं तशी गाळणी धुऊन वापरली. माझ्या घरचं माणूस गेलं.’

लोकरेकाका म्हणजे मंचाचा आधार. गाळण्यांचा तुटवडा पडला तेव्हा पट्ट्यातली रक्त शुद्ध करणारी गाळणी तीनदा धुऊन पुन्हा वापरायची युक्ती त्यांनीच सांगितली होती, आणि वैजयंतीबाईंनी ती मंचावर सर्वांत वर लावली होती.

"यंत्र चुकलं असेल तर?" बाईंनी विचारले.

"टंकलय चुकत नाही. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना बोटं किती थांबतात, ते यंत्र मोजतं. माणसाची चाल असते ना, तसंच. नाव बदललं तरी चाल तीच राहते."

गेल्या वर्षी हाकललेल्या एका गृहस्थाने अकरा नव्या नावांनी येऊन एका निवृत्त परिचारिकेवर आरोपांची राळ उडवली होती. बिचारी मंच सोडून गेली. दुधाने तोंड पोळलेल्या मंडळींनी मग नियम केला : नव्या सदस्याचा आरोप आधी टंकलयीतून जाईल, आणि बोटे जुन्या सदस्याची निघाली तर खाते बंद. नियम चांगलाच होता. चांगल्या नियमापुढे कोणी फारसा विचार करत नाही, एवढीच त्याची खोड.

"किरपेकर मार्चपासून गप्प आहेत," फिरोज म्हणाला. "त्याआधी या गाळणीवरूनच त्यांचं काकांशी वाजलं होतं."

"म्हणून बाईचं नाव घेऊन आले? लाज कशी वाटत नाही!"

वैजयंतीबाईंनी खाते बंद केले. तरी राग जाईना. नऊ वर्षांच्या सदस्याला चार शब्द सुनवावेत म्हणून त्यांनी नोंदीतला नंबर लावला. फोन एका बाईंनी उचलला.

"सदानंदरावांना द्या जरा."

"ते मार्चमध्ये गेले."

"आपण कोण?"

"ललिता. त्यांची बायको."

वैजयंतीबाई चाचरल्या. "पण मंचावर तर... बोटं त्यांची..."

"त्यांची बोटं संधिवातानं आखडली होती हो. नऊ वर्षं ते सांगायचे आणि मी टाइप करायचे. काकांशी भांडण झालं, तेही मीच टाइप केलं. तुम्ही सगळे काकांच्या बाजूनं बोललात, म्हणून ह्यांनी शेवटी काकांचं ऐकून गाळणी धुतली. गेलेल्या माणसाच्या नावानं कसं लिहू? पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं लिहिलं, तर तुम्ही दार लावून घेतलंत."

वैजयंतीबाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. यंत्राने बोटे अचूक ओळखली होती. माणूस कोण, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते.

"ललिताताई, गाळणी कितीदा धुतली होती?"

"तिसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत."

बाईंचा हात कमरेकडे गेला.

"फिरोज, काकांची ती पोस्ट आधी काढ. सगळ्यांना कळव," त्या म्हणाल्या. "आणि प्रयोगासाठी ठेवलेली नवी गाळणी आण. माझी आज सकाळीच तिसऱ्यांदा धुतली आहे."