शरूचा दोडका आणि बत्तीस संशयित

शरूच्या घरचा ब्राउझर पडला. उघडला, परत पडला. दहा आकडे मोजेपर्यंत टिकायचा आणि मग खिडकीच गायब! पडता पडता गाढवासारखा ओरडायचा, ते वेगळंच.

"आत्या, हे गाढव तुझंच ना?"

"माझंच गं," वनिताआत्या गालात हसली. "मागच्या होळीला बसवलं होतं. पण गाढव नुसतं बोंबलतंय, पाडणारा दुसराच कुणीतरी आहे."

वनिताआत्या म्हणजे संगणकाची शास्त्रज्ञ. रविवारी माहेरी यायची ती भाजक्या शेंगा खायला आणि खोड्या काढायला. आज मात्र शरूला हसू फुटत नव्हतं. कारण तिचा दोडका चंद्रावर होता.

हो, खरोखरच्या चंद्रावर! त्या वर्षी तिथल्या बागेत मुलांना एकेक काचेची पेटी मिळाली होती. तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच लांब. रात्री अशी थंडी, की बर्फालाही हुडहुडी भरावी. म्हणून सूर्य मावळायच्या आत ज्याने त्याने आपापल्या पेटीचं उबदार झाकण ब्राउझरमधून लावायचं. शरूच्या वेलीला कालच पहिली कळी आली होती. आणि तिथला सूर्य आता अर्ध्या तासात मावळणार होता.

"हा ब्राउझर पुसून नवा टाकू?" शरूने विचारलं.

"आणि तुझी किल्ली?" किल्ली म्हणजे झाकण लावायचा गुप्त संकेत. "ती ह्याच ब्राउझरात आहे. पुसलास की गेली."

शरूचा चेहरा पडला. मागे बसलेली आजी म्हणाली, "अहो, पंखा बंद करा. गारठले मी." आबांनी बंद केला. मिनिटभराने आबा म्हणाले, "उकडतंय बुवा," आणि चालू केला. हे रोजचंच. कुणी लक्ष दिलं नाही.

आत्याने ब्राउझर न उघडता, बाहेरूनच त्याला जोडलेल्या सोयींची यादी काढली आणि कपाळावर हात मारला. घरात ब्राउझर एकच, आणि जो तो येऊन त्याला एक्स्टेन्शन (वरून जोडलेली छोटीशी सोय) चिकटवून गेलेला! बाबांचा क्रिकेटचा स्कोअर, आईची भाज्यांची आठवण, माउसच्या बाणाचा लाडू करणारी शरूची गंमत, आत्याचं गाढव. एकूण बत्तीस.

"एकेक बंद करून बघते," शरू म्हणाली.

"तोवर दोडक्याची कुल्फी होईल. अर्धे बंद कर. तरीही पडला, तर चोर चालू असलेल्या सोळांत. नाही पडला, तर बंद केलेल्या सोळांत. म्हणजे एका फटक्यात सोळा जण निर्दोष सुटले! मग सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक."

"पाच फटक्यांत चोर?"

"पाचच."

शरूने पहिले सोळा चालू ठेवले. दहा मोजले. वीस मोजले. ब्राउझर ठणठणीत! "म्हणजे चोर दुसऱ्या सोळांत!" तिने पहिले बंद करून दुसरे सोळा चालू केले. दहा. वीस. तीस. तरी ठणठणीत.

सगळे बत्तीस चालू केले. दहा, आणि गाढव ओरडलं.

"आत्या, हे कसं? इकडचे निर्दोष, तिकडचेही निर्दोष, आणि एकत्र आले की गुन्हा!"

आत्या शेंगा फोडायची थांबली. मग तिचे डोळे असे चमकले, जणू तिचीच कुणी झकास खोडी काढली होती. "अगं, चोर एकटा नाहीये. जोडी आहे! एक ह्या ढिगात, एक त्या ढिगात. एकेकटे साधेभोळे. भेटले, की दंगा."

"मग जोड्या किती? सोळा गुणिले सोळा... दोनशे छप्पन!" शरू रडकुंडीला आली. "संपला माझा दोडका."

"थांब. पहिला ढीग सगळाच चालू ठेव. म्हणजे एक चोर तिथे बसलेलाच आहे. आता फक्त दुसऱ्या ढिगाचे अर्धे कर."

शरूने आठ चालू केले. पडला. त्यातले चार. नाही पडला, म्हणजे उरलेल्या चारांत. मग दोन. मग एक. सापडला! 'पान पांढरं करा.' आता हा तसाच ठेवून पहिल्या ढिगाचे आठ, चार, दोन, एक. 'पान काळं करा.'

आत्या वळली. "पांढरं कुणी बसवलं?"

"मी," आजी म्हणाली. "ह्यांनी सगळं काळंकुट्ट करून ठेवलं होतं. मला दिसेना."

"मला उजेड डोळ्यांत खुपतो!" आबा म्हणाले. "पण हे पांढरं बसवलंस, ते सांगितलंस कधी?"

"तुम्ही सांगितलंत?"

शरूने एकदा वर पंख्याकडे पाहिलं, एकदा ब्राउझरकडे, आणि टाळीच वाजवली. "आत्या! आत पण पंखाच चाललाय! हा काळं करतो, ती पांढरं करते, परत काळं, परत पांढरं..."

"हो. पण आजी-आबा मिनिटाला एकदा. हे दोघं आपली पापणी लवेपर्यंत शेकडो वेळा. आणि दर वेळच्या बदलाची नोंद ब्राउझर स्मृतीत (संगणकाच्या आठवणीच्या जागेत) ठेवतो. जागा संपली, की बिचाऱ्याला भोवळ. ह्यालाच क्रॅश होणं म्हणतात."

शरूने दोन्ही बंद केले. बागेचं पान उघडलं. दहा. अकरा. बारा. पेटीवर उन्हाची शेवटची तिरीप, आणि तिच्यात ती इवलीशी कळी. शरूने बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"श्वास घे," आत्या पुटपुटली. "तुझं बोट चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद, उत्तर यायला सव्वा सेकंद."

झाकण हललं. सरकलं. बसलं. आजीने आबांचा हात घट्ट धरला होता, आणि डोक्यावर पंखा चालू आहे, हे ती विसरूनच गेली होती.

शरू गच्चीत धावली. सकाळच्या निळ्या आकाशात, पश्चिमेला, फिकट अर्धा चंद्र होता. एक बाजू उजळ, दुसरी आकाशात विरघळलेली. मधल्या त्या रेघेवर तिचा दोडका आता रात्रीत शिरत होता.

"दोनशे छप्पन जोड्या," ती हळूच म्हणाली, "आणि आठ फटके."

"अगं, अख्ख्या देशातून एक माणूस शोधायचा, तरी एकतीस 'हो की नाही' पुरतात. आणि आपल्या आकाशगंगेतले ते शेकडो अब्ज तारे? त्यांतला एक शोधायला चाळीसही लागायचे नाहीत."

शरूच्या अंगावर काटा आला. एवढं अफाट आकाश, आणि चाळीस प्रश्न! "म्हणजे तिथे कुणी दोडका लावत असेल, तर सापडेल?"

"उत्तर देणारा भेटला पाहिजे."

"भेटेल की," शरू चंद्रावरची नजर न काढता म्हणाली. "पहिला प्रश्न मी तयार ठेवते. आकाशाच्या ह्या अर्ध्यात, की त्या?"