पंचवटीत पाहिलेला शेवट

गुरुवार, २ डिसेंबर २००४. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. नाशिकच्या एका दैनिकाच्या कार्यालयात एक तरुण तक्रार घेऊन आला.

शिपाई चहा आणायला गेला होता, म्हणून दारापाशच्या टेबलावर पुरवणी विभागातली स्नेहल बोरस्ते बसली होती. वय तेवीस, नोकरीला चौदा महिने. तरुणाच्या हातात त्या दिवशीची पुरवणी होती, नीट चौपदरी घडी घातलेली.

"तक्रार लिहायची आहे."

"कशाबद्दल?"

"हे ‘पुन्हा पाहताना’ सदर. स्नेहल बोरस्ते म्हणून कुणी बाई लिहितात. त्यांनी मालिका पाहिलेलीच नाही."

स्नेहलने तक्रारींची वही पुढे ओढली. नाव विचारलं. धनराज पिंगळे, पंचवटी कारंजा, टीव्ही दुरुस्तीचं दुकान.

"बाई वयस्कर आहेत का?" तिने खाली बघत विचारलं.

"पन्नाशीच्या असाव्यात. प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेली असते."

"वाचता मग दर आठवड्याला?"

"...वाचतो. म्हणून तर आलो."

तक्रार एका भागाबद्दल होती. ‘तेरावी पेटी’ ही भयकथांची मालिका १९९६-९७ साली एका उपग्रह वाहिनीवर दर शनिवारी रात्री साडेनऊला लागायची. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवे कलाकार. गोष्टी साठच्या दशकातल्या, आठ आण्यांना मिळणाऱ्या चित्रकथांमधल्या. सुरुवातीला एक म्हातारा ट्रंक उघडायचा, चित्रकथेचं एक पान काढायचा आणि त्यातली चित्रं हलायला लागायची.

सतराव्या भागाचं नाव ‘भिंतीपलीकडची’. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका तरुणाला रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून बांगड्या ऐकू येतात. तो भिंतीशी बोलतो. पलीकडून उत्तर येतं. पुढे प्रेम. मग घरमालक सांगतो, पलीकडचं घर वीस वर्षं बंद आहे. तरुण भिंत फोडतो.

"बाईंनी लिहिलंय, भिंतीत सांगाडा निघतो," धनराज म्हणाला. "निघत नाही. भिंत फुटते आणि पलीकडे ती मुलगी निरांजन घेऊन उभी असते. जिवंत. दोघं नदीकाठाने चालत जातात."

"भुताच्या मालिकेत?"

"म्हणून तर लक्षात राहिलं. संबंध मालिकेत एवढी एकच गोष्ट चांगली संपली."

स्नेहलने सगळं उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं: नोंद घेतली. सही केली. वही त्याच्याकडे फिरवली, त्यानेही सही करावी म्हणून. धनराजने तिची सही वाचली. मग पुन्हा वाचली. त्याचे कान आधी लाल झाले, चेहरा नंतर.

"...पन्नाशीच्या नाही वाटत तुम्ही."

"आभारी आहे," ती म्हणाली.

त्या दैनिकात नियम होता. वहीतल्या प्रत्येक तक्रारीला पुढच्या गुरुवारी छापील उत्तर द्यायचं, पुराव्यासकट. पुरवणीचे संपादक गायधनी यांनी सदर आठ आठवड्यांच्या बोलीवर दिलं होतं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तपशील चुकला तर सदर बंद. स्नेहल वही घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तू हा भाग आता पुन्हा पाहिलास?"

"नाही, सर. पहिल्या दहा भागांच्याच व्हीसीडी बाजारात आहेत. हा मी पिंपळगावला असताना पाहिला होता. सत्त्याण्णवच्या जानेवारीत."

"म्हणजे सदराचं नाव ‘पुन्हा पाहताना’ आणि तू पाहिलंस एकदाच."

"हो, सर."

"गुरुवारपर्यंत," गायधनी म्हणाले आणि चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

तिने शुक्रवारी अकरा फोन केले. वाहिनीच्या मुंबई कार्यालयात कुणाला मालिकेचं नावही आठवलं नाही. बारावा फोन तिने वहीतल्या नंबरवर केला.

"तुमच्याकडे पुरावा आहे का काही?"

"पुरावा नाही, अण्णा आहेत," धनराज म्हणाला. "दोन हजार एकपर्यंत आमची केबल होती. अण्णा प्रत्येक भाग टेप करायचे आणि रविवारी सकाळी अकराला पुन्हा लावायचे, रात्री झोपून गेलेल्यांसाठी. दोन कपाटं भरून टेप आहेत. उद्या या. आणि... स्वेटर घालून या, दुकानात ऊन येत नाही."

शनिवारी ती गेली. दुकान म्हणजे उघड्या पडलेल्या टीव्हींची रांग. मागच्या खोलीत अण्णा, म्हणजे धनराजचे वडील गेणूभाऊ, पाटावर बसून तंबाखू मळत होते. टेपांवर त्यांच्याच हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. सतरावा भाग सापडायला चाळीस मिनिटं लागली. त्यातली दहा मिनिटं कमी झाली असती, पण धनराज प्रत्येक टेपवरची धूळ पुसून मगच तिच्या हातात देत होता.

"मला धुळीचं काही नाही."

"मला आहे."

बसायला एकच बाक होता. त्याने मध्ये एक टीव्हीचा रिमोट ठेवला, हद्दीचा दगड ठेवावा तसा.

टेप सुरू झाली. म्हातारा आला, ट्रंक उघडली. स्नेहल वहीत मिनिटं लिहीत होती. धनराज टीव्हीकडे कमी आणि तिच्या लिहिण्याकडे जास्त पाहत होता. भिंत फुटली. धूळ उडाली. आणि धुळीतून निरांजन घेऊन ती मुलगी उभी राहिली, हसली. दोघं नदीकाठाने चालू लागले.

"बघा," धनराज हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. उलट त्याला थोडं वाईट वाटल्यासारखं दिसत होतं.

स्नेहलचं पेन थांबलं होतं. सदर गेलं, हे तिला कळलं होतं. पण तिने विचारलं, "जरा मागे घेता?"

त्याने मागे घेतलं.

"अजून थोडं. थांबवा. हिचा हात दिसला होता ना मघाशी भिंतीच्या फटीतून? पदर कुठल्या रंगाचा आहे?"

"हिरवा."

"आता पुढे. निरांजन घेतलेली."

पुढे साडी पिवळी होती.

धनराज पुढे सरकला. रिमोट बाकावरून पडला, तो कुणी उचलला नाही. "वाहिनीची खूण बघा," तो म्हणाला. "भिंत फुटेपर्यंत उजव्या कोपऱ्यात. इथून पुढे डाव्या... अण्णा?"

गेणूभाऊंनी तंबाखू तोंडात टाकली आणि छताकडे पाहिलं.

"अण्णा, हे काय आहे?"

"आठ वर्सं कुणी इचारलं नाय," गेणूभाऊ म्हणाले. "आता इचारतोस व्हय?"

मग त्यांनी सांगितलं. त्या शनिवारी कारंजावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळी पंचवटी अंधारात. त्यांच्याकडे जनरेटर होता, म्हणून टेप करणं चालू राहिलं. भिंत फुटायला आणि डिझेल संपायला एकच गाठ पडली. शेवटची सहा मिनिटं राहिली. रविवारी अकराला दोनशे घरं टीव्हीपुढे बसणार होती. तीच जोडी तेव्हा दुसऱ्या वाहिनीवर एका घरगुती मालिकेत होती आणि त्या मालिकेची टेप कपाटात होती.

"शेवट मला तरी कुठं माहीत होता, ताई? तुमच्याकडं लाइट होती, तुमी बघितला. आमी दोन व्हीसीआर जोडले न् दिलं चिकटवून. हिरवी-पिवळी कुनाला दिसती? निम्म्या घरात टीव्ही काळापांढराच."

"पण चांगलाच शेवट का?" स्नेहलने विचारलं.

उत्तर आतल्या दारातून आलं. धनराजची आई पुतळाबाई चहाचे कप घेऊन उभी होती. "मीच म्हणलं. पोरगी भुताची असली म्हणून काय झालं? नांदू द्या म्हणलं तिला."

धनराजने टेप बाहेर काढून ठेवली. चहा संपल्यावर तो तिला कारंजापर्यंत सोडायला आला. भाजीवाल्यांच्या टोपल्यांमधून वाट काढताना तो दोनदा थांबला, दोनदा पुन्हा चालू लागला.

"म्हणजे तुमचा शेवट बरोबर," तो शेवटी म्हणाला.

"ते सिद्ध झालेलं नाही. तुमचा चुकीचा, एवढंच झालंय."

"का?"

"पिंपळगावातही कुणी गेणूभाऊ असतील. मी एकदाच पाहिलंय."

तो हसला. त्या दिवसातलं पहिलं हसू. "मी तक्रार मागे घेतो. सोमवारी येऊन वहीत लिहून देतो. विषय संपला."

"तसं नाही चालणार. उत्तर छापावंच लागतं, आणि तपशील चुकला तर सदरही जातं."

"म्हणजे सदर बंद होईल?"

"होईल बहुतेक."

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे मी ते दुसऱ्यांदा पाहिलं," स्नेहल म्हणाली. "ते आधीच करायला हवं होतं."

गुरुवारी, ९ डिसेंबरला, उत्तर छापून आलं. पंचवटीने पाहिलेल्या शेवटाची हकिकत त्यात होती, ट्रान्सफॉर्मरसकट. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: मूळ शेवट काय होता, हे या लेखिकेला खात्रीने माहीत नाही. तिने तो आठवणीवरून लिहिला, ही चूक आहे. गायधनींनी मजकुरातला एक स्वल्पविराम काढला, बाकी काही बदललं नाही. संध्याकाळी त्यांनी सदर बंद केलं.

"उत्तर चांगलं लिहिलंस," ते म्हणाले. "बोली ती बोली. उद्यापासून बाजारभावाचं पान बघ."

त्यानंतरच्या आठवड्यात धनराजचे सहा फोन आले. पहिला, सदर बंद झाल्याचं कळलं म्हणून. दुसरा, कांद्याचा भाव विचारायला. तिसराही कांद्याचाच.

"तुमच्याकडे इतका कांदा लागतो?" स्नेहलने विचारलं.

"अण्णांना भजी आवडतात."

"काल उन्हाळ कांदा विचारलात, आज लाल."

"...भजी दोन्हीची होतात."

चौथ्या आणि पाचव्या फोनची कारणं नोंदलेली नाहीत. सहावा शुक्रवारी तिनेच त्याला करायला लावला, निरोप ठेवून. तिच्याकडे एक पत्र आलं होतं. लासलगावचे सावळीराम नावाचे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी लिहिलं होतं की दोन्ही शेवट चूक आहेत. भिंत फुटते, पलीकडे एक साधं कुटुंब जेवत बसलेलं असतं. मुलगी या तरुणाकडे बघते आणि तिला तो दिसतच नाही. बंद घर पलीकडचं नाही, याच्याच बाजूचं असतं. वीस वर्षांपूर्वी मेलेला तोच असतो. त्यांच्याकडे त्या भागाची टेप आहे, पण व्हीसीआर बिघडला आहे.

तिने ते पत्र त्याला फोनवर वाचून दाखवलं.

"हा खरा वाटतो," धनराज म्हणाला.

"मलाही. पण वाटण्यावर आता मी काही लिहीत नाही."

"मी रविवारी माझा व्हीसीआर घेऊन जातो. येता?"

"आता सदर नाही, धनराज. कुणासाठी बघायचं?" मग ती म्हणाली, "मला रविवारी काम आहे."

"बरं," तो म्हणाला. आणि फोन ठेवायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

रविवार, १९ डिसेंबर. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. लासलगावच्या बसथांब्यावर नाशिकहून आलेल्या एसटीतून धनराज उतरला. हातात चादरीत बांधलेला व्हीसीआर. गावावर कांद्याचा उग्र वास आणि कोवळं ऊन. रसवंतीच्या शेडखाली स्नेहल बोरस्ते उभी होती. खांद्याला पिशवी, अंगात राखाडी स्वेटर.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. व्हीसीआर खाली ठेवायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

"तुम्ही इथे...?"

"भाव घ्यायला आले. बाजारभावाचं पान आहे ना माझ्याकडे."

"अच्छा. लिलावाला?"

"हो."

"आज रविवार आहे."

तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"रविवारी लिलाव नसतात," धनराज म्हणाला. "सहा वेळा भाव विचारलेत मी, एवढं कळतं मला. बाजार समितीला आज कुलूप असतं."

"दोनदा विचारलेत," स्नेहल म्हणाली. "सहा फोन केलेत."

"मोजले होते?"

तिने दुसरीकडे पाहिलं. रस्त्यावरून एक रिकामा ट्रॅक्टर गेला.

"सकाळी सहाच्या गाडीने आले," ती म्हणाली. "तुम्ही कुठल्या गाडीने याल ते माहीत नव्हतं. म्हणून आधी आले."

"म्हणजे तू... तुम्ही तीन तास..."

"पहिलं बरोबर होतं."

"काय?"

"तू."

धनराजने आता व्हीसीआर खाली ठेवला. मग लगेच उचलला, कारण हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. एक बाजू स्नेहलने धरली. एवढा जड नव्हता तो. सावळीराम गुरुजींच्या घरापर्यंत दोघांनी मिळून नेला.

गुरुजींनी टेप काढून दिली. आठ वर्षांच्या ओलीने तिच्यावर पांढरी बुरशी धरली होती. पहिल्यांदा लावली तेव्हा पडद्यावर नुसते पट्टे आले. धनराजने व्हीसीआरचं झाकण उघडलं, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने हेड पुसलं, टेपची फीत वीत-वीत उलगडून हलक्या हाताने साफ केली. स्नेहल टॉर्च धरून शेजारी बसली होती. दुसऱ्यांदा लावली. आवाज आला, चित्र आलं नाही. गुरुजी ठमाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, चहा टाकायला सांगून आले. आल्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही दोघं एकाच वर्तमानपत्रात का? धनराज नाही म्हणाला, स्नेहलही नाही म्हणाली, आणि पुढचं कुणीच सांगितलं नाही.

"खरा शेवट निघाला," धनराज हळू आवाजात म्हणाला, "तर मग शोधायला काही उरणार नाही."

"टॉर्च हलतोय, नीट बघ."

"टॉर्च तुझ्या हातात आहे."

"...हो."

"आणि चित्र नाहीच आलं तर?"

"पुढच्या रविवारी यावं लागेल," स्नेहल म्हणाली. "दोघांना. पुराव्याशिवाय मी काही मानत नाही, तुला माहीत आहे."

तिसऱ्यांदा लावली. चौथ्यांदा.

नाशिकची गाडी चार वाजून पाच मिनिटांनी गेली. घर थांब्यासमोरच आहे, हॉर्न आतपर्यंत ऐकू आला. दोघांपैकी कुणीही उठलं नाही. तोपर्यंत चित्र आलेलं नव्हतं.